‘नंतर’ या एका शब्दाविषयी

आजचं वचन : इफिसकरांस पत्र 2:8-10



मॉर्मन आणि इव्हँजेलिकल, दोघेही येशूला तारणारा म्हणतात. मग फरक कुठे? बऱ्याच ठिकाणी. मॉर्मन शिकवणीत पित्यालाही हाडामांसाचं शरीर आहे. त्रैक्य आपल्यासारखं नाही. त्यावर पुन्हा कधीतरी.

आज मला कृपेपाशी थांबायचंय. पौल सांगतो, तारण हे देवाचं दान आहे, कर्मांची कमाई नाही. 1830 साली छापलेल्या ‘मॉर्मनचं पुस्तक’ या ग्रंथात, दुसऱ्या नेफीच्या 25व्या अध्यायात, मात्र असं येतं की आपल्याकडून होईल ते सगळं केल्यानंतर आपण कृपेने तारले जातो. हा ‘नंतर’ फार जड आहे! सगळं केलं, हे ठरवणार कोण? रात्री अंथरुणावर पडलं की मला तरी राहिलेलंच आठवतं.

त्यांच्या मंडळीचे पुढारी डीटर उख्टडॉर्फ यांनी 2015 मध्ये खुलासा केला, की इथे ‘नंतर’ म्हणजे ‘त्यामुळे’ नव्हे. हे वाचून बरं वाटलं. तरी वचनातला क्रम तोच राहतो.

पौलाचा क्रम उलटा आहे. आधी कृपा, आणि सत्कृत्यं थेट दहाव्या वचनात. म्हणून आज तिन्ही वचनं एका दमात वाचा, नवव्यावर थांबू नका.