घटना, साक्षीदार आणि गीत : ‘स्मोक ऑन द वॉटर’

उद्दिष्टे
हा उपघटक अभ्यासल्यानंतर आपल्याला,
• गीतातील कडवी व ध्रुपद यांतील व्याकरणिक फरक सांगता येईल.
• ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील निवडीने अर्थ कसा बदलतो, हे स्पष्ट करता येईल.

१. प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, एखाद्या घटनेचे साक्षीदार मोजके असतात. मात्र तिच्यावर रचलेले गीत लक्षावधी लोक आपलेसे करून गातात. हे कसे घडते, याचा शोध आपण एका हार्ड रॉक गीताच्या आधारे घेऊ.

२. घटना
डिसेंबर १९७१ मध्ये ‘डीप पर्पल’ हा ब्रिटिश बँड ध्वनिमुद्रणासाठी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे गेला होता. काम तेथील कसिनोत व्हायचे होते. ४ डिसेंबरला त्याच कसिनोत फ्रँक झापा यांची मैफल चालू असताना प्रेक्षकांतील कोणीतरी फ्लेअर गन झाडली. आग भडकली आणि कसिनो जळून गेला. माँत्रो जॅझ महोत्सवाचे एक संस्थापक क्लोद नोब्स यांनी तरुण प्रेक्षकांना बाहेर काढण्यास मदत केली. जिनीव्हा सरोवरावर धूर पसरला. पुढे बँडने ग्रँड हॉटेलात ध्वनिमुद्रण केले. गीताचे शीर्षक रॉजर ग्लोव्हर यांना सुचले. गिटारवरील सुप्रसिद्ध आवर्ती स्वराकृती, म्हणजे रिफ, रिची ब्लॅकमोर यांची आहे.

३. भाषिक विश्लेषण
या गीताची कडवी वृत्तांतासारखी आहेत. भूतकाळी क्रियापदे, स्थळनामे आणि व्यक्तिनिर्देश यांवर ती उभी आहेत. अलंकरण जवळजवळ नाही. निवेदन प्रथमपुरुषी अनेकवचनात आहे. इंग्रजीत त्यासाठी ‘वुई’ हे एकच सर्वनाम पुरते. मराठीत मात्र निवड करावी लागते. श्रोता त्या दिवशी माँत्रोत नव्हता, म्हणून येथे ‘आम्ही’ हेच योग्य. ‘आपण’ म्हटल्यास साक्षच खोटी ठरेल.

ध्रुपदाची रचना वेगळी आहे. शीर्षकाप्रमाणेच तेथे केवळ नामपदबंध आहेत. क्रियापद नाही, म्हणून काळ नाही. सर्वनाम नाही, म्हणून ‘आम्ही’ची कुंपणरेषाही नाही. कडव्यांत बाहेर उभा असलेला श्रोता ध्रुपदात सहज आत येतो.

४. प्रकाशन व स्वीकार
हे गीत मार्च १९७२ मध्ये ‘मशीन हेड’ या अल्बममध्ये आले. त्या अल्बममधून स्वतंत्र तबकडीसाठी आधी ‘नेव्हर बिफोर’ हे दुसरेच गीत निवडले गेले होते. या गीताकडून बँडची तशी अपेक्षा नव्हती. मे १९७३ मध्ये अमेरिकेत ते स्वतंत्रपणे प्रकाशित झाले आणि ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत चौथ्या स्थानापर्यंत पोहोचले. संहितेचे सामर्थ्य तिच्या निर्मात्यांना आधी कळतेच असे नाही, हे यावरून लक्षात यावे.

५. सारांश
खरे सांगणाऱ्याने ‘आम्ही’ सोडू नये. पण ऐकणाऱ्यासाठी एक दार उघडे ठेवावे. या गीतात ते दार ध्रुपदाच्या व्याकरणात आहे.

स्वयं-अध्ययनासाठी कृती
आपण पाहिलेली एखादी घटना (पूर, संप, गावची यात्रा) ‘आम्ही’ वापरून दहा साध्या वाक्यांत लिहा. नंतर त्याच घटनेवर क्रियापद व सर्वनाम न वापरता दोन ओळींचे ध्रुपद रचा. घटनेच्या वेळी तेथे नसलेल्या व्यक्तीला दोन्ही वाचून दाखवा आणि तिला कोणते अधिक जवळचे वाटले, ते कारणासह नोंदवा.