ते ऑक्सिमीटर टाकू नकोस

अगं, परवा फोनवर तू सहज विचारलंस, "ताई, औषधांच्या डब्यात ते ऑक्सिमीटर नुसतंच पडलंय, देऊन टाकू का?" तुझ्याकडे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, मागे पोरांची भांडणं, म्हणून मी फक्त "नको" म्हटलं. आज सावकाश सांगते. घरात सासू-सासरे आहेत, दोन लहान मुलं आहेत, आणि कुणाला बरं नसलं की अख्खं घर तुझ्या तोंडाकडे बघतं. कोविडच्या काळात आपल्या घरांत किती यंत्रं आली, किती ॲप आली, किती आकडे आले. त्यातल्या कशावर किती विसंबायचं हे तुला नीट ठाऊक असावं, असं मला फार वाटतं.

आधी त्या यंत्राचंच बघू. सेल काढून ठेव, नाहीतर ते आतच पाझरतील. चिमट्यात बोट घातलं की लाल उजेड दिसतो ना, त्याच्या शेजारी आणखी एक दिवा असतो. तो अवरक्त किरणांचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हे दोन्ही प्रकाश सारख्या प्रमाणात शोषत नाही. बोटातून पलीकडे पोचलेला उजेड नाडीच्या प्रत्येक ठोक्याला किती कमीजास्त होतो, ते मोजून यंत्र टक्केवारी काढतं. ही युक्ती ताकुओ आओयागी नावाच्या जपानी अभियंत्यांची, 1974 मधली. त्याआधी खात्रीचा आकडा हवा तर धमनीत सुई घालून रक्त काढावं लागे. सगळं जग हे यंत्र शोधत दुकानं पालथी घालत होतं, त्याच एप्रिल 2020 मध्ये आओयागी वारले. किती घरांतली माणसं त्यांच्यामुळे वेळेवर दवाखान्यात पोचली असतील, याचा विचार आला की मला भरून येतं.

वेळेवर म्हणते, त्याला कारण आहे. आपल्याला धाप लागते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. कोविडच्या न्यूमोनियात पुष्कळांचा कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत राहायचा आणि ऑक्सिजन मात्र गुपचूप उतरत जायचा. माणूस गप्पा मारतोय, चहा पितोय, आणि आकडा 85. चेहरा बघून हे कळत नाही. म्हणून तर सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली तेव्हा आशाताई आणि स्वयंसेवक घरोघरी ताप आणि ऑक्सिजन दोन्ही मोजत फिरले. त्या बायकांनी उन्हातान्हात जिने चढून केलेलं काम आपण विसरता कामा नये.

आता मोजायचं कसं, ते ऐक. पाच मिनिटं शांत बसवायचं. हात गार असेल तर चोळून ऊब आणायची. नेलपॉलिश पुसायचं, बोटाला गडद मेंदी असेल तर दुसरं बोट घ्यायचं. बोट आत नीट गेलं, की आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबायचं. पहिल्या दोन सेकंदांत दिसलेला आकडा धरून रडारड करायची नाही. 95 आणि त्यावर असेल तर ठीक. 94 च्या खाली टिकून राहिला तर डॉक्टरांना फोन. 90 च्या खाली गेला तर फोनवर बोलत बसायचं नाही, गाडी काढायची. सासऱ्यांना जुना फुफ्फुसाचा त्रास असेल तर त्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो. तो बरं असताना मोजून डॉक्टरांना विचारून ठेव. आणि एक वही कर. तारीख, वेळ, ताप, ऑक्सिजन, नाडी. डॉक्टरांना एका आकड्यापेक्षा दोन दिवसांची ती ओळ जास्त सांगते.

पण हे यंत्र चुकतंही, आणि ते कुठे चुकतं हे आपल्याला कुणी फारसं सांगितलं नाही. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हजारो नोंदी तपासून दाखवलं, की रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी असताना यंत्र 'सगळं ठीक' म्हणण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. त्वचेतलं रंगद्रव्यही प्रकाश शोषतं, म्हणून. आपल्या घरांतल्या सावळ्या, काळ्या माणसांशी याचा सरळ संबंध आहे. म्हणून आकडा 96 असला तरी ओठ निळसर दिसतायत, बोलताना वाक्य तुटतंय, माणूस गोंधळल्यासारखं बोलतोय, तर आकडा बाजूला ठेवायचा आणि निघायचं. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणारी ॲप आली होती ना, ती तर मुळीच वापरू नकोस. साध्या फोनच्या कॅमेऱ्याजवळ ते दोन ठरावीक दिवे नसतातच, मग तो मोजणार काय? शिवाय त्यातली काही ॲप माणसांची माहिती चोरायलाच बनवलेली होती.

असाच गोंधळ 'सीटी'ने घातला. आपल्या नात्यातच दोन घरांत यावरून रात्रभर कुणाला झोप नव्हती. आरटीपीसीआरच्या अहवालावर एक सीटी व्हॅल्यू असते. नाकातल्या नमुन्यातला विषाणूचा अंश यंत्रात पुन्हा पुन्हा दुप्पट करत नेतात. कितव्या फेरीला तो सापडला, तो हा आकडा. म्हणजे आकडा लहान तर नमुन्यात विषाणू जास्त. दुसरा तो छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोअर, 25 पैकी. तो मोठा तर फुफ्फुस जास्त खराब. एक आकडा कमी असला की काळजी, दुसरा जास्त असला की काळजी, आणि व्हॉट्सॲपवर दोघांची खिचडी. खरं तर सीटी व्हॅल्यूवरून आजार किती गंभीर ते ठरवू नका, असं आयसीएमआरने सांगितलं होतं. लक्षणं सौम्य असताना स्कॅन करत सुटू नका, हे एम्सचे रणदीप गुलेरिया यांनी मे 2021 मध्ये जाहीरपणे सांगितलं. तरी लोक पहाटे उठून स्कॅनच्या रांगा धरत होते. तू एक कर. कुठलाही अहवाल हातात आला की डॉक्टरांना विचार, "या आकड्याने उपचारात काय बदलणार आहे?" काहीच बदलणार नसेल, तर तो आकडा उशाशी घेऊन झोपायचं कारण नाही.

चाचणीवरून आठवलं. सुरुवातीला देशात या विषाणूची तपासणी करायची तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे बघावं लागे. मग पुण्याच्याच मायलॅबने पहिला भारतीय संच तयार केला, मार्च 2020 मध्ये त्याला मान्यता मिळाली. तो बनवणाऱ्या चमूच्या प्रमुख होत्या मीनल डाखवे भोसले. पोटात बाळ, दिवस भरत आलेले, आणि सहा आठवड्यांत संच पुरा. तपासणीसाठी संच सोपवला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. तुझ्या लेकीला ही गोष्ट सांग. विज्ञान म्हणजे दूर कुठेतरी चष्मेवाल्या पुरुषांनी केलेलं काम, असं तिच्या मनात बसायच्या आत सांग.

सासरे म्हणतात ना, "हे शास्त्रज्ञ रोज शब्द फिरवतात, यांचं काय ऐकायचं?" तू त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण तुझ्या मनात हे पक्कं असू दे. रेमडेसिविर आठवतं? एप्रिल 2021 मध्ये त्या एका कुपीसाठी माणसं दागिने मोडत होती, या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात धावत होती. जागतिक आरोग्य संघटनेने तर नोव्हेंबर 2020 मध्येच रुग्णालयातल्या रुग्णांना ते देऊ नका असा सल्ला दिला होता. पुढे 2022 मध्ये नवे पुरावे आले, तेव्हा आजार सौम्य असला तरी धोका जास्त आहे अशांना ते देता येईल, असं त्याच संघटनेने सांगितलं. हा शब्द फिरवणं नव्हे गं. पुरावा बदलला की मत बदलायचं, आणि बदललं असं उघड सांगायचं, याला धैर्य लागतं. कधीच न बदलणारा सल्ला देणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते.

स्टेरॉइडचंही तसंच. डेक्सामेथासोन म्हणजे जुनं, अगदी स्वस्त औषध. जून 2020 मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं, की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, ऑक्सिजनवरच्यांतले एक पंचमांशाने. पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना काही फायदा नाही. ही शेवटची ओळ पुढे ढकललेल्या मेसेजमधून गळून पडली. लोकांनी तापाच्या पहिल्या दिवसापासून गोळ्या सुरू केल्या, मधुमेह्यांची साखर भडकली, आणि 2021 च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने किती जणांचे डोळे गेले, जबडे गेले. औषध चांगलं होतं. कुणाला, कधी, किती, हे डॉक्टरांशिवाय ठरवलं गेलं तिथे घात झाला. म्हणून शेजारणीच्या चिठ्ठीवरचं औषध तुझ्या घरात येता कामा नये. एवढं माझं ऐकच.

मास्कचं थोडक्यात. एन95 च्या कापडात स्थिर विद्युतभार असतो, त्याने बारीक कण खेचले जातात. साबणाने धुतला की तो भार जातो, म्हणून तो धुवायचा नाही. पुढे झडप असलेला घ्यायचा नाही, कारण आपला उच्छ्वास त्यातून गाळल्याशिवाय बाहेर जातो. आणि खिडकी उघडी ठेवायची. मे 2021 मध्ये केंद्र सरकारच्या वैज्ञानिक सल्लागारांनी सांगितलं होतं, की मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात पण बारीक तुषार दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. आपण तोवर दुधाच्या पिशव्या धूत बसलो होतो आणि खोल्या मात्र बंद! घरात कुणी आजारी असेल तर समोरासमोरची दारं-खिडक्या उघड, एक्झॉस्ट पंखा चालू ठेव. फ्लूलाही हे लागू आहे, क्षयरोगाला तर फारच.

आता जे सांगायला खरं बसले ते. तेव्हा सगळं फोनवर आलं होतं. डॉक्टर फोनवर, शाळा फोनवर, किराणा फोनवर, लशीचा नंबर फोनवर. वडिलांचे दिवस अमेरिकेत बसून पडद्यावर बघणारे मुलगे-मुली आपण पाहिले. ज्याच्या हातात फोन, त्याचं जग चालू. आणि बायकांच्या हातात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019 ते 2021 च्या फेरीत, देशातल्या 54 टक्के बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. मे 2021 मध्ये 18 वर्षांवरच्यांना लस खुली झाली तेव्हा तरुणांना आधी कोविनवर नोंदणी सक्तीची होती. त्या महिन्याच्या अखेरीस सरकारी केंद्रांवर थेट जायची मुभा मिळाली. मधल्या काळात जिच्याकडे फोन नाही, ओटीपी नाही, तिने काय करायचं? सर्वोच्च न्यायालयानेही सरकारला हाच प्रश्न विचारला.

शाळेचंही तेच झालं. एका घरात एक फोन, तो बाबांबरोबर कामावर, आणि उरला तर आधी मुलाला. मला तेव्हा सगळ्यांत मोलाच्या वाटल्या त्या जुन्या वाटा. सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' मालिका लागायची, तिला ना डेटा लागत होता ना पासवर्ड. दांडवळ नावाच्या एका गावात तर लाउडस्पीकरवरून धडे ऐकवले, पोरं अंतर ठेवून बसून शिकली. नवं यंत्र आलं म्हणून जुनं टाकून द्यायचं नसतं, हे मला तिथे पटलं.

तुझ्या सासूबाईंची लशीची नोंद तुझ्या नवऱ्याच्या नंबरावर आहे, बँकेचा ओटीपी धाकट्या दिरांकडे जातो, आणि त्यांचा स्वतःचा फोन फक्त उचलायला आणि ठेवायला. त्यांच्याजवळ बस. फोन लावायचा कसा हे त्यांना येतं. व्हिडिओ कॉल कसा करायचा, अहवालाचा फोटो डॉक्टरांना कसा पाठवायचा, आलेला ओटीपी कुणालाही का सांगायचा नाही, हे शिकव. घाई करू नकोस, त्यांच्या हातातला फोन ओढून घेऊन स्वतः करू नकोस. बोट त्यांचंच चालू दे. त्यांच्या औषधांची यादी, रक्तगट आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फ्रिजवरही लाव, कारण चार्जिंग नेमकं नको तेव्हा संपतं. 108 हा रुग्णवाहिकेचा नंबर मुलांना तोंडपाठ असू दे. आणि तुझ्या स्वतःच्या नावावर, तुझ्या स्वतःच्या नंबरावर तुझी सगळी खाती आहेत का, ते या रविवारी बघ. नसतील तर करून घे, आणि झालं की मला फोन कर.