शब्दांनाही गोत असते : मिस्सापासून मिशनपर्यंत



मराठी माध्यमातून दहावी झालेली मुले अकरावीला गेली, की पहिला धसका घेतात तो इंग्रजी शब्दांचा. मग वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे अर्थ आणि रोज वीस शब्दांचे पाठांतर! परीक्षा संपली, की त्यांतले बरेचसे विसरले जातात. कारण त्या वहीत प्रत्येक शब्द एकटा असतो. खरे पाहता शब्दांचीही कुटुंबे असतात. घरातल्या एकाशी ओळख झाली, की बाकीची माणसे ओळखणे सोपे जाते.

मराठीत हे आपण शिकलोच आहोत. 'हार'मागे निरनिराळे उपसर्ग लावले, की आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार असे शब्द तयार होतात. इंग्रजीतही हीच रीत आहे. मात्र तिथले मूळ पुष्कळदा लॅटिन असते. इ. स. ५९७ मध्ये पोप ग्रेगरी ह्यांनी पाठवलेले कँटरबरीचे संत ऑगस्टीन इंग्लंडला पोहोचले आणि ख्रिस्तसभेची लॅटिन तिथे रुजली. पुढे १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्याच्या लोकांची भाषा फ्रेंच, म्हणजे लॅटिनचीच लेक. नंतरच्या विद्वानांनीही लॅटिनमधून भरपूर शब्द उचलले. त्यांतली काही मुळे आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. आज तीन पाहू या.

१) मिस्सा : हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, पण त्याचे मूळ लॅटिन आहे. 'मित्तेरे' म्हणजे पाठवणे. उपासनेच्या शेवटी लोकांना निरोप देऊन पाठवले जाई, त्यावरून मिस्सा. इंग्रजीत हे मूळ 'मिट' किंवा 'मिस' असे दिसते. कामगिरीवर पाठवणे ते मिशन. दूर फेकले जाते ते मिसाईल. आता उपसर्ग लावा. 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे. ट्रान्समिट म्हणजे इकडून तिकडे पाठवणे. 'पर' म्हणजे आरपार. परमिट म्हणजे पुढे जाऊ देणे, परवानगी. 'डिस' म्हणजे दूर. डिसमिस म्हणजे काढून टाकणे. 'री' म्हणजे मागे, परत. आखातात नोकरीला असलेला मुलगा घरी पैसे पाठवतो, त्याला बँक रेमिटन्स म्हणते.

२) क्रेडो : सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना हा शब्द आठवत असेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (१९६२-६५) मिस्सा लॅटिनमध्ये होत असे आणि श्रद्धेचा अंगीकार ह्याच शब्दाने सुरू होई. अर्थ, 'मी विश्वास ठेवतो'. विश्वासावर दिलेले पैसे ते क्रेडिट. म्हणूनच आपल्या पतपेढीला इंग्रजीत क्रेडिट सोसायटी म्हणतात. ज्यावर विश्वास बसत नाही ते इन्क्रेडिबल. इथला 'इन' म्हणजे आपला नकाराचा 'अ' (विश्वसनीय, अविश्वसनीय). गंमत म्हणजे भाषाशास्त्रज्ञांच्या मते 'क्रेडो' आणि संस्कृतातील 'श्रद्धा' ही एकाच प्राचीन मुळाची लेकरे आहेत. दंत आणि डेंटिस्ट, पद आणि पेडल हीही अशीच चुलत भावंडे. म्हणजे इंग्रजी आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

३) पाव : हाही पोर्तुगीज शब्द आणि त्याचेही मूळ लॅटिन, 'पानिस' म्हणजे भाकर. 'कॉम' म्हणजे सोबत. सोबत भाकर खाणारा तो कम्पॅनियन! त्याच घरातला शब्द कंपनी. आगगाडीच्या पॅन्ट्री कारमधली पॅन्ट्री म्हणजे मुळात भाकरी ठेवायची खोली. एकत्र भाकर मोडण्यातूनच सोबती होतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

एक सावधगिरी मात्र बाळगा. सारखे दिसणारे सगळेच शब्द नातेवाईक नसतात. 'मिस्टेक'मधला 'मिस' पाठवण्याचा नव्हे, तो इंग्रजीचा स्वतःचा जुना उपसर्ग आहे, अर्थ, चुकीचे. 'पॅनिक'चाही भाकरीशी संबंध नाही. तो ग्रीकांच्या 'पॅन' नावाच्या देवावरून आला. शिवाय काळाप्रमाणे अर्थ बदलतात. म्हणून मुळावरून अर्थाचा अंदाज करा आणि मग शब्दकोश उघडा. चांगल्या शब्दकोशात अर्थासोबत शब्दाचे मूळही दिलेले असते.

पालकहो, इंग्रजी येत नाही म्हणून मुलांच्या अभ्यासापासून दूर राहू नका. 'आहार' आणि 'विहार' ह्यांचे नाते तुम्ही समजावू शकता; तिथूनच सुरुवात होते. मुलांनो, पाठांतराची वही फेकू नका, फक्त तिची मांडणी बदला. एका पानावर एकच मूळ लिहा आणि त्याखाली त्याचे कुटुंब. आठवड्याला एक पान पुरे.

ह्या आठवड्याचा गृहपाठ : 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणे. इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट, सपोर्ट, पोर्टर आणि पोर्टेबल ह्या शब्दांचे अर्थ मुळावरून लावून पाहा. सूचना : इथला 'इम' म्हणजे आत, 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'सप' म्हणजे खालून. 'एअरपोर्ट' मात्र ह्या यादीत धरू नका. त्यातला पोर्ट बंदर ह्या अर्थाच्या दुसऱ्या लॅटिन शब्दातून आला आहे.