नावडती चाकरी आणि मनाचा भार

लोणंदच्या बाजारात दिवसभर कांद्याच्या गोणी वाहून आलेला मनुष्य रात्री अंथरुणावर पडताच झोपी जातो, आणि सावलीत बसून वह्या लिहिणारा मध्यरात्रीपर्यंत कूस बदलीत राहतो, असे पुष्कळदा दृष्टीस पडते. अंगमेहनतीचा शीण विसाव्याने जातो. नावडत्या चाकरीचा शीण विसाव्यानेही जात नाही. कारण तो घरी येतो, ताटावर बसतो आणि पहाटे आपल्या आधी उठतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली या अवस्थेची तीन लक्षणे नमूद केली: शक्ती आटून जाणे, कामाविषयी मन दुरावणे व कडवट होणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. हा रोग नव्हे, चाकरीतून उद्भवणारी अवस्था आहे, असेही तिने सांगितले. म्हणून अशा मनुष्यास आळशी किंवा कृतघ्न म्हणण्यापूर्वी आपण जरा थांबावे हे बरे.

प्रथम हे शोधावे की नावड नेमकी कशाची आहे. कामाची, वरच्या माणसाची, मिळणाऱ्या वागणुकीची, की जेथून सुटका नाही अशा बंधनाची? चारही दुखणी बाहेरून एकसारखीच दिसतात, परंतु औषध निरनिराळे आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. यंत्रांचे काम त्यांच्या आवडीचे होते. नावडते होते ते अन्यायाने डावलले जाणे. बढतीची पाळी आली तेव्हा ती त्यांस न देता एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. त्यांनी चाकरी सोडली व ते बेळगावी गेले. परंतु लक्षात घ्या, ते रिकाम्या हाती गेले नाहीत. चाकरीत असतानाच ते मुंबईहून सायकली विकत घेऊन बेळगावी धाडीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या तेथे विकीत. पुढे 1910 साली, ज्या लोहमार्गावर आपले लोणंद आहे त्याच मार्गावर, त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. याकोबाची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. लाबानाने दहा वेळा वेतन बदलले, तरी शेवटच्या सहा वर्षांत याकोबाने आपला कळप वाढविला आणि मगच तो वाटेला लागला.

डॉ. आंबेडकरांचे दुखणे याहून खोल होते. बालपणी ते साताऱ्यास राहिले व तेथे शिकले. विलायतेहून परतल्यावर 1917 साली शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. एवढा विद्वान मनुष्य, परंतु कचेरीतील शिपाई कागद त्यांच्या हाती न देता दुरून फेकीत. राहण्यास घर मिळेना. पारशी धर्मशाळेत आश्रय घेतला तर तेथूनही त्यांस लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढले. अशा जागी मनास कितीही समजाविले तरी काय उपयोग? दोष मनाचा नव्हताच. ते मुंबईस परत आले. 1918 साली सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. तेथेही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी हरकत घेतली. ही चाकरी मात्र त्यांनी धरून ठेवली, कारण तिच्या पगारातून पैसा शिल्लक टाकून अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करावयाचे होते. 1920 साली ते लंडनला गेले. नावडत्या जागेची मुदत आपण ठरविली आणि तिच्यातून काय घ्यावयाचे हे ठरविले, म्हणजे तीच जागा सोसवते.

आता ज्यांस जागा सोडताच येत नव्हती त्यांचे काय? महार वतनाचे काम आपल्या वाडवडिलांपैकी पुष्कळांनी केले. रात्री-अपरात्री बोलावणे आले की निघावयाचे, सरकारी टपाल व निरोप पोहोचवावयाचे, आणि मोबदला म्हणजे थोडे बलुते व थोडी इनाम जमीन. बापाचे काम मुलाच्या गळ्यात. हा भार कोणाच्याही उपदेशाने हलका होण्यासारखा नव्हता. 1928 साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदे कौन्सिलात त्याविषयी विधेयक आणले, ते त्या वेळी तडीस गेले नाही. कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा 1958 साली झाला. गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली तीही अशीच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून चळवळ चालविली, आणि 1890 साली ती सुटी पदरात पडली. रविवार मागताना तो जेजुरीच्या खंडोबाचा वार आहे हे कारण त्यांनी दिले, असे सांगतात. कारण काहीही असो, थकलेल्या पाठीस विसावा मिळाला.

सध्या शिरवळच्या किंवा लोणंदच्या कारखान्यांत कंत्राटावर जाणाऱ्या तरुणांनी एक गोष्ट करून पाहावी. आठ दिवस, कोणत्या घटकेस जीव नकोसा होतो ते रोज रात्री दोन ओळींत लिहावे. बहुधा सारा दिवस कडू नसतो. एक माणूस, एक पाळी किंवा एक काम तेवढे कडू असते. अमेरिकेतील रॉबर्ट कारासेक यांनी 1979 साली दाखविले की, काम पुष्कळ आणि ते कसे करावे हे ठरविण्याचा अधिकार थोडा, अशा जागी मनावरील ताण सर्वांत अधिक असतो. म्हणून जे थोडे आपल्या हाती आहे, मग तो कामाचा क्रम असो की शेजाऱ्याशी पाळीची अदलाबदल असो, ते मागून घ्यावे. रागाच्या भरात राजीनामा देऊ नये. आधी डोक्यावरील कर्ज मोजावे, चार महिन्यांचे धान्य घरात आहे काय ते पाहावे, आणि पत्नीशी बोलावे. तिला अंधारात ठेवून घेतलेला निर्णय पहिल्यांदा तिच्याच चुलीवर पडतो. दारूविषयी लिहावयास नको; साहेबावरील राग तिच्या वाटेने मुलांच्या पाठीवर उतरतो, हे प्रत्येक वस्तीने पाहिले आहे.

मंडळीतील उपदेशकांस एक विनंती आहे. असा मनुष्य तुमच्या ओट्यावर येऊन बसला, तर त्यास लागलीच संतोषाचा पाठ देऊ नका. त्याचे बोलणे संपेपर्यंत ऐका. झोप कित्येक आठवडे नाही, अन्न जात नाही, किंवा जगून काय करावयाचे असे शब्द तोंडी येऊ लागले, तर त्यास एकटे सोडू नये. सरकारी दवाखान्यात आपण स्वतः बरोबर जावे. टेली-मानस ही सरकारी सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. तिचा दूरध्वनी क्रमांक 14416 आहे, त्यास पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते. क्रमांक मंदिराच्या दाराशी मोठ्या अक्षरांत लिहून लावावा, म्हणजे विचारण्याची लाज वाटणाऱ्यासही तो येता-जाता वाचता येईल.