हलका इलेक्ट्रॉन जड रेणूला कसा कंपवितो?

आपण श्वासावाटे जी हवा घेतो, तिच्यात सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. या वायूचा रेणू म्हणजे दोन अणू आणि त्यांना जोडणारा बळकट बंध. स्प्रिंगने जोडलेल्या दोन गोळ्यांप्रमाणे हे अणू परस्परांजवळ येतात व दूर जातात. यालाच रेणूचे कंपन म्हणतात. हे कंपन पायरीपायरीनेच वाढते. पहिल्या पायरीसाठी ०.२९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. एक व्होल्ट विभवांतर ओलांडताना इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट होय.

आता अडचण पाहा. नायट्रोजनचा रेणू इलेक्ट्रॉनच्या सुमारे ५१,००० पट जड आहे. शाळेत शिकलेला टक्करीचा नियम लावला, तर समोरासमोरच्या धडकेतही इलेक्ट्रॉन आपल्या ऊर्जेचा सुमारे तेरा हजारावा भागच रेणूला देऊ शकेल. २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनला मात्र पहिल्या पायरीसाठी आपल्या ऊर्जेचा आठवा हिस्सा द्यावा लागतो. मग रेणू कंप पावावा कसा?

जॉर्ज शुल्झ यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या प्रश्नावर प्रकाश टाकला. ठरावीक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन नायट्रोजनमधून सोडून, बाहेर पडताना त्यांची किती ऊर्जा घटली हे त्यांनी मोजले. २ ते ३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास कंपने विशेष जोमाने निर्माण होत होती. ऊर्जा त्याहून वाढविली की परिणाम उलट ओसरत होता. म्हणजे धक्क्याचा जोर येथे निर्णायक नव्हता.

या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन रेणूवर आदळून परत फिरत नाही, तर क्षणभर रेणूतच सामावतो व अल्पायुषी ऋण आयन तयार होतो. नव्या इलेक्ट्रॉनमुळे बंध सैल होतो आणि अणू एकमेकांपासून दूर सरकू लागतात. सेकंदाच्या शंभर लाख कोटीव्या भागाच्या आसपास इलेक्ट्रॉन निघून जातो. बंध पूर्ववत घट्ट होतो. पण अणू मूळ जागेवरून हललेले असतात. म्हणून रेणू कंप पावत राहतो. या घटनेस अनुस्पंदन म्हणतात.

बारामती येथे जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले चंद्रकुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर सिद्ध केला. त्यात नायट्रोजन मिसळल्यावर विद्युत्प्रवाहातील इलेक्ट्रॉन प्रथम नायट्रोजनला कंपवितात. हा रेणू ती ऊर्जा प्रकाशरूपाने सहसा टाकू शकत नाही; तो ती जपून ठेवतो आणि जवळजवळ तेवढ्याच ऊर्जेची पायरी असलेल्या कार्बन डायऑक्साइडला टकरीतून देतो. धातू कापणारे व शस्त्रक्रियेत उपयोगी पडणारे अदृश्य अवरक्त किरण त्यातूनच मिळतात.

टक्करीचा शालेय नियम यामुळे खोटा ठरत नाही. तो बाहेरून आदळणाऱ्या गोळ्यांचा नियम आहे. इलेक्ट्रॉन मात्र रेणूच्या आत शिरतो. नियम पाठ करण्याइतकेच तो कोठवर लागू पडतो हे जाणणेही महत्त्वाचे आहे, एवढे आपल्या मुलामुलींनी या सूक्ष्म घटनेतून ध्यानी घ्यावे.