पौलाच्या काळचे नगर
(सुटीतील शास्त्रशाळेच्या शिक्षकांसाठी)

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये १७:१६-३४ व १९:२३-४१, १ करिंथ, अध्याय ८ व १०:२३-३३, फिलेमोनाला पत्र.

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की शब्बाथशाळेच्या शिक्षकांपुढे दरवर्षीचाच प्रश्न उभा राहतो : यंदा मुलांना काय शिकवावे? नोहाचे तारू झाले, दानीएल झाला, योना तर दोनदा झाला. मोठी मुले गोष्ट अर्धी सांगताच शेवट सांगून मोकळी होतात. म्हणून या वेळी निराळा विषय सुचवावासा वाटतो. नव्या करारातील माणसे ज्या जगात राहिली, ते ग्रीक व रोमी लोकांचे जग पाच सकाळींत मुलांपुढे उभे करावे. त्यांची घरे, बाजार, लिहिणे, खाणेपिणे, दास, देवळे, सर्व काही.

सुटीतील शास्त्रशाळेचा आरंभच मुळी रस्त्यावरच्या मुलांसाठी झाला. १८९८ साली न्यूयॉर्क शहरात एलिझा हॉज या डॉक्टरांच्या पत्नीने उन्हाळ्यात मोकाट फिरणारी मुले पाहून चक्क एक दारूचा गुत्ता भाड्याने घेतला व तेथे रोजची शास्त्रशाळा भरविली. १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी ती कल्पना शहरभर नेली. आज अमेरिकेतील कित्येक मंडळ्या अशा शाळेत रोमचा किंवा अथेनैचा बाजार मांडतात. तेथे त्यासाठी तयार सामानाच्या पेट्या विकत मिळतात. आपल्याला त्यांची गरज नाही, हे पुढे दिसून येईल.

माधव नगरातील काही मुलांना मी एकदा विचारले, “करिंथ म्हणजे काय?” एकाने तत्परतेने उत्तर दिले, “रोमकरांस पत्राच्या पुढचे पुस्तक.” उत्तर चुकीचे नव्हते. पण करिंथ हे गाव होते, तेथे मटणाची दुकाने होती, बंदरावर हमाल होते, भाऊबंदकीचे खटले होते, हे त्याच्या गावीही नव्हते. पत्रे ही पाठ करावयाच्या वचनांची वही आहे असे मुलांना वाटते. ती खऱ्या माणसांना, त्यांच्या खऱ्या अडचणींत लिहिलेली आहेत, एवढे जरी पाच दिवसांत कळले तरी पुष्कळ झाले.

आरंभ आपल्या गावापासून करावा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, म्हणजे प्रेषितांच्याच काळात, मिसर देशात राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. पुस्तक मात्र उपलब्ध आहे व ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखले जाते. त्यात भडोचला ‘बारिगाझा’ म्हटले आहे, आणि भडोचच्या पूर्वेस ‘ओझीनी’ नावाचे, पूर्वी राजधानी असलेले नगर आहे असे लिहिले आहे. हे ओझीनी म्हणजेच आपले उज्जैन. येथून अकीक, मलमल व जाडेभरडे कापड भडोचला उतरत असे. वरच्या डोंगराळ मुलखातील जटामांसीही याच वाटेने जाई. उलट भडोच बंदरात इटलीची द्राक्षमदिरा, तांबे, कथील, शिसे, काच व सोन्यारुप्याची नाणी येत. त्या मदिरांत एक लावदिकीयाची होती. पण ते सिरियातील लावदिकीया, प्रकटीकरणातील नव्हे. मुले हुशार असतात, ती नेमके हेच विचारतात.

जटामांसी हा शब्द ऐकताच बेथानीची ती स्त्री आठवली पाहिजे (मार्क १४:३-९). हिमालयात उगवणाऱ्या एका लहानशा झाडाच्या मुळाचे ते तेल. तीनशे दिनारांहून अधिक किमतीचे, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षभराच्या कमाईचे तेल तिने एका क्षणात ओतले. काष्ठौषधीच्या दुकानातून थोडी जटामांसी आणून मुलांच्या हातावर ठेवावी. तिचा उग्र वास त्यांच्या लक्षात राहील. मात्र ती कुपी उज्जैनवरूनच गेली असे सांगू नये. तसा पुरावा नाही. ज्या व्यापाराच्या वाटा होत्या त्यांतील एक येथून जात होती, एवढेच सांगावे. तेवढ्यानेही मुलांचे डोळे मोठे होतात.

नावांविषयी एक सूचना. आमची मुले घरी मराठी बोलतात व शाळेत हिंदी शिकतात. शास्त्रातले अथेनै म्हणजे शाळेच्या पुस्तकातले एथेंस, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. तेव्हा नकाशावर प्रत्येक गावाची दोन्ही नावे लिहावीत.

आता रोजच्या जीवनाकडे वळू. उज्जैनचा मे महिना ध्यानात घेऊन शाळा साडेसातला सुरू करावी व साडेदहाला मुलांना घरी पाठवावे. पहिल्या दिवशी अंगणात एक काठी रोवावी आणि तिच्या सावलीवर खुणा कराव्यात. रोमी लोक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे बारा भाग करीत; त्यामुळे त्यांचा तास उन्हाळ्यात लांब व हिवाळ्यात आखूड होई. रोम शहरात तो सुमारे ७५ मिनिटांपासून ४५ मिनिटांपर्यंत बदले. आपल्या शास्त्रात दुसरा प्रहर, तिसरा प्रहर असे जे शब्द येतात, ते हे सूर्याचे घड्याळ होय. शक्य असल्यास एक सकाळ मुलांना जिवाजी वेधशाळेत न्यावे. तेथील छायायंत्र फ्रीगंजच्या टॉवरच्या घड्याळापेक्षा सुमारे अर्धा तास मागे असते, कारण ते उज्जैनचा सूर्य दाखविते आणि टॉवर देशाची प्रमाणवेळ. मुले आधी यंत्रच बिघडले आहे असे म्हणतात. म्हणू द्यावे, मग समजावून सांगावे.

लिहिण्यासाठी रोमी मुलांजवळ मेणाची पाटी असे. लाकडी चौकटीत मेण ओतलेले. टोकदार काडीने लिहावयाचे व काडीच्या चपट्या टोकाने पुसावयाचे. जाड पुठ्ठ्यावर मेणबत्तीचे मेण व थोडी काजळी घालून अशी पाटी करता येते. आठच्या आत लिहून घ्यावे. दहानंतर आपल्याकडच्या उन्हात पाटीचे काय होते ते सांगावयास नको. मेणाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो, भैरवगढच्या छिपा कारागिरांकडे मुलांना अवश्य न्यावे. ते कापडावर मेण लावून रंग चढवितात. रंगाने भरलेले हात पाहिल्यावर थुवतीराची लुदिया (प्रे. कृ. १६:१४) कोण होती हे निराळे सांगावे लागत नाही. थुवतीरात रंगाऱ्यांचा संघ होता हे तेथील शिलालेखांवरून कळते.

खाण्यापिण्याचे थोडक्यात आटोपावे. मसूर, चणे, लसूण, अंजीर, खजूर, मध, जाड भाकर. त्या पंगतीत टोमॅटो, बटाटा, मिरची नव्हती, कारण ही तिन्ही अमेरिकेतून आली, तीही पंधराव्या शतकाच्या अखेरीनंतर. पोशाखासाठी जुन्या चादरी पुरेत. महिला मंडळातील भगिनींनी नऊवारी नेसविण्याचे कसब वापरले तर रोमी नागरिकाचा झगा पाच मिनिटांत तयार होतो.

शर्यत ठेवावी. करिंथाजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ होत व जिंकणाऱ्यास पाल्याचा मुकुट मिळे. जिंकलेल्या मुलास कडुनिंबाच्या पाल्याचा मुकुट घालावा व तो त्याने दिवसभर सांभाळावा. संध्याकाळी त्याचे काय झाले हे दुसऱ्या दिवशी त्याच्याच तोंडून ऐकावे, आणि मग १ करिंथ ९:२४-२५ उघडावे. तलवारबाजांचे खेळ मात्र ठेवू नयेत. मोठी मुले हट्ट धरतात. पण माणसे मरताना पाहून टाळ्या पिटणाऱ्या लोकांचे ते खेळ होते; त्याची मौज करू नये.

यापुढील दोन गोष्टी कठीण आहेत, आणि माझ्या मते त्यांच्यासाठीच ही शाळा घ्यावयाची.

पहिली दासांची. काही शिबिरांतून दासांचा बाजार मांडतात. एका मुलाला चिठ्ठीने दास करून त्याच्याकडून दिवसभर कामे करून घेतात. हे कृपा करून करू नये. आपल्या पुष्कळ घरांतील आजी-आजोबांना गावकुसाबाहेरचे जिणे ठाऊक आहे. विहिरीपासून दूर उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी नाटक करून दाखवावे लागत नाही. मुलांना सरळ सांगावे की रोमी जगात लढाईत पकडलेला, दासीच्या पोटी जन्मलेला किंवा उकिरड्यावर टाकून दिलेला व कोणी उचललेला, असा कोणीही दास होई. रंगावरून दास ओळखता येत नसे. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातील पुष्कळ नावे दासांत व सोडून दिलेल्या दासांत आढळणारी होती. पौल त्यांना एकेकाला नावाने सलाम पाठवितो. नंतर फिलेमोनाचे पत्र एका बैठकीत मोठ्याने वाचावे. अवघी पंचवीस वचने आहेत. अनेसिमाला बंधू म्हणून जवळ कर, असे पौल त्याच्या धन्याला विनवितो. एखादी मुलगी विचारील, “मग त्याला सोडून दे असे स्पष्ट का नाही लिहिले?” या प्रश्नाला थापा मारू नयेत. पौलाने ते स्पष्ट शब्दांत लिहिलेले नाही. आणि पुढे कित्येक शतके ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनी दास ठेवले हेही खरे आहे. पण जो बंधू झाला त्याला विकावयाचे कसे, हा प्रश्न त्या पत्राने फिलेमोनाच्या घरात नेऊन ठेवला. मुलांना त्यावर विचार करू द्यावा.

दुसरी गोष्ट देवळांची. उज्जैन हे महाकालाचे गाव. मुलांचे मित्र, शेजारी, शिक्षक त्या देवळात जातात. अशा गावात अथेनैचा व इफिसाचा पाठ बेसावधपणे शिकविला तर मुले मूर्तींची टिंगल करावयास शिकतील, आणि दुसऱ्याच दिवशी ती टिंगल शाळेच्या मैदानावर ऐकू येईल. म्हणून शास्त्र काय सांगते ते नीट पाहावे. अथेनैत मूर्ती पाहून पौलाचे अंतःकरण खवळले, हे लपवू नये. पण त्यानंतर त्याने काय केले? तो गावभर हिंडला, लोकांच्या पूजेच्या वस्तू बारकाईने पाहिल्या, त्यांच्या कवींचे बोल त्याला ठाऊक होते, आणि अरेयपगात तो सभ्यपणे बोलला. इफिसात दंगल झाली तेव्हा नगराच्या चिटणिसाने, जो ख्रिस्ती नव्हता, भर सभेत साक्ष दिली की या माणसांनी आमचे देऊळ लुटलेले नाही आणि आमच्या देवीची निंदाही केलेली नाही (१९:३७). सुवार्ता निर्भयपणे सांगूनही पौलाच्या सोबत्यांविषयी हे म्हणता आले. आपल्या मुलांविषयी महाकालाजवळचा एखादा फुलवाला असे म्हणू शकेल काय?

याच्या पाठोपाठ प्रसादाचा प्रश्न येतो. तो आला नाही तर मुले मनमोकळी बोलत नाहीत असे समजावे. मैत्रिणीची आई प्रेमाने हातावर पेढा ठेवते. घ्यावा की न घ्यावा? करिंथच्या मंडळीने पौलाला हेच विचारले होते. तेथील उत्खननात देवळांच्या आवारातील जेवणाच्या खोल्या सापडल्या आहेत. मिसर देशात तर सरापिस देवाच्या पंगतीची निमंत्रणे पपायरसावर लिहिलेली मिळाली आहेत. एकात नववा तास ही वेळ दिली आहे. मुलांनी आपल्या काठीच्या सावलीवर ती शोधावी. लग्न, वाढदिवस, व्यवहार सर्व त्या पंगतींत होई. न जाणे म्हणजे बिरादरीतून उठणे होते. पौल एका शब्दात उत्तर देत नाही. बाजारात विकले जाणारे खा, चौकशी करीत बसू नका. कोणी हे देवाला वाहिलेले आहे असे सांगितले तर त्याच्या मनासाठी खाऊ नका. आणि देवळातील पंगतीस बसू नका. आपल्या ज्ञानापेक्षा दुर्बळ बंधूची काळजी त्याला अधिक आहे.

बहुतेक ख्रिस्ती घरांत प्रसाद घेत नाहीत, आणि मीही घेत नाही. पण तो नाकारावयाचा कसा, हे आपण मुलांना कधी शिकवितो? हात झटकून, तोंड वेडेवाकडे करून, की दोन्ही हात जोडून, “काकू, आमच्याकडे घेत नाहीत, पण पाणी द्या,” असे म्हणून? वर्गात हे प्रत्यक्ष करून घ्यावे. एक मुलगी काकू होईल, एक पाहुणी. सुरुवातीला हसतील, तिसऱ्या खेपेस कोणी हसत नाही. अखेरचा निर्णय आईवडिलांचा, म्हणून शाळेआधी पालकांना या पाठाची कल्पना द्यावी. नाहीतर शिक्षक एक सांगतात व घरी दुसरे होते.

शेवटच्या दिवशी पत्र लिहावे. पौल सांगे व दुसरा लिही. रोमकरांस पत्र लिहून घेणारा तर्तियस स्वतःचाही सलाम त्यात घालतो (१६:२२). मोठ्या मुलाने सांगावे, दुसऱ्याने लिहावे, खाली सर्वांनी नावे घालावीत व पत्र दुसऱ्या गावच्या शब्बाथशाळेला पाठवावे. पोस्टात टाकू नये. सरकारी टपाल रोमी राज्यात होते, पण ते सरकारी कामापुरतेच. पौलाची पत्रे तुखिकासारख्या माणसांच्या हाती गेली. इटारसीवरून नागपूरला जाणारे कोणी ना कोणी मंडळीत असतेच. त्याच्या हाती ते सर्वांसमक्ष द्यावे, आणि पोहोचले की नाही हे फोन करून विचारू नये. उत्तरही कोणी येणाऱ्याच्याच हाती येऊ द्यावे. जून उजाडेल, कदाचित जुलैही.