पाठ १४ : रिटायर झाल्यावर कुठे राहायचं?

वाचण्याआधी

ही दोन वाक्यं मोठ्याने वाचा.

अ) रिटायर झाल्यावर आपण परत जाऊ.
आ) रिटायर झाल्यावर आम्ही परत जाऊ.

एकच शब्द बदलला आहे. त्यामुळे काय बदललं? उत्तर मनात ठेवा आणि पाठ वाचा.

१. जुनीच सवय

नोकरीचं वय संपलं की माणूस निवृत्त होतो. बोलताना आपण ‘रिटायर झाले’ म्हणतो. जुन्या लोकांच्या तोंडी ‘पेन्शनीत निघाले’ असंही ऐकू येतं.

म्हातारपणी गाव बदलायचं, ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. पूर्वी काही लोक उतारवयात काशीला जाऊन राहत. काशी म्हणजे वाराणसी. तिथे आजही जुनी मराठी घराणी आहेत. नंतर पुण्याला ‘पेन्शनरांचं शहर’ म्हणू लागले. नोकरी मुंबईत किंवा नागपुरात करायची आणि शेवटी पुण्यात छोटंसं घर बांधायचं, असं पुष्कळांचं स्वप्न होतं. हवा चांगली, नातेवाईक जवळ आणि डॉक्टरशी मराठीत बोलता येतं. आणखी काय पाहिजे?

आता तुमच्या आईबाबांचा विचार करा. ते एनस्खेडेत राहतात. त्यांच्यापुढे पुणं आहे, एनस्खेडे आहे आणि हल्ली तिसरंही नाव ऐकू येतं, ते म्हणजे थायलंड.

२. थायलंडचा हिशेब

थायलंड का? तिथे थंडी नाही. भेंडी, कोथिंबीर, नारळ, आंबा सगळं बाजारात मिळतं. बँकॉकहून मुंबईला विमानाने साधारण साडेचार तास लागतात. ॲमस्टरडॅमहून मुंबईला आठ-नऊ तास लागतात. बरेच डच लोकही निवृत्तीनंतर तिकडे राहतात.

पण सुट्टीला जाणं वेगळं आणि राहायला जाणं वेगळं. निवृत्त माणसाला तिथे राहायचं असेल, तर वय किमान ५० हवं. थायलंडच्या बँकेत आठ लाख बाथ ठेवावे लागतात किंवा महिन्याला ६५ हजार बाथ उत्पन्न दाखवावं लागतं. (बाथ हे तिथलं चलन आहे.) ही परवानगी दर वर्षी वाढवून घ्यावी लागते. दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवावा लागतो. या परवानगीवर नोकरी करता येत नाही. फ्लॅट घेता येतो, पण जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही.

आणखी एक गोष्ट. नेदरलँड्स कायमचं सोडून थायलंडला गेलं, की इथला मूलभूत आरोग्यविमा बंद होतो. म्हातारपणी विमा नवा घ्यायचा म्हणजे तो महाग पडतो. थोडक्यात, तिथे तुम्ही पाहुणेच असता. पाहुणचार चांगला होईल, पण दर वर्षी दार वाजवून विचारावं लागेल, ‘अजून एक वर्ष राहू का?’

३. इथली पेन्शन वर्षं मोजते

नेदरलँड्समध्ये सरकारी वृद्धापकाळ पेन्शन आहे. तिला ‘आ-ओ-वे’ म्हणतात. ती १९५७ साली सुरू झाली. ती मिळण्याचं वय सध्या ६७ आहे. २०२८ साली ते ६७ वर्षं ३ महिने होईल.

तिचं गणित सोपं आहे. त्या वयाआधीच्या ५० वर्षांपैकी जितकी वर्षं तुम्ही नेदरलँड्समध्ये राहता, तितक्या वर्षांचे प्रत्येकी २ टक्के जमा होतात. ५० वर्षं भरली, तर पूर्ण पेन्शन.

समजा, बाबा ३२व्या वर्षी एनस्खेडेला आले आणि ६७ पर्यंत इथे राहिले. ३५ वर्षं झाली, म्हणजे ७० टक्के. तेच जर ५५व्या वर्षी भारतात गेले, तर २३ वर्षं, म्हणजे ४६ टक्के. कंपनीची पेन्शन असेल, तर ती वेगळी.

म्हणून ‘रिटायर झाल्यावर बघू’ हे वाक्य या बाबतीत चालत नाही. तोपर्यंत वर्षं मोजून झालेली असतात. बघायचं ते आधीच.

४. भारतात गेलं तर?

भारत आणि नेदरलँड्स यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे. तो १ डिसेंबर २०११ पासून लागू झाला. आ-ओ-वे भारतात राहूनही मिळते.

पण आईबाबांनी डच पासपोर्ट घेतला असेल, तर ते भारताचे नागरिक राहत नाहीत, कारण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. मग ते ओ.सी.आय. कार्ड काढतात. हे कार्ड असेल, तर भारतात हवं तितकं राहता येतं आणि घरही घेता येतं. मात्र मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे दोन एकर घेऊन आमराई लावायचं स्वप्न असेल, तर हा नियम आधी वाचलेला बरा.

५. जवळचा परदेश

परदेश नेहमी लांबच असतो असं नाही. एनस्खेडेच्या पूर्वेला जर्मनीची हद्द आहे. पलीकडे ग्रोनाऊ हे गाव आहे. रेल्वेने थोड्याच मिनिटांत पोहोचता येतं. तिथे घरं स्वस्त मिळतात, म्हणून पुष्कळ डच लोक तिथे राहतात. देश बदलतो, पण मित्र आणि नातवंडं जवळच राहतात. घर निवडताना किंमत जशी बघतात, तसं हे अंतरही मोजतात.

६. ‘आपण’ की ‘आम्ही’?

आता सुरुवातीच्या दोन वाक्यांकडे या.

‘आपण’ म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही. ‘आम्ही’ म्हणजे बोलणारा आणि त्याची माणसं, पण ऐकणारा नाही. आई ‘आपण परत जाऊ’ म्हणाली, तर त्यात तुम्ही आहात. ‘आम्ही परत जाऊ’ म्हणाली, तर तुम्ही एनस्खेडेतच राहणार, हे तिने धरलं आहे.

‘परत’ या शब्दाकडेही बघा. जिथून निघालो, तिथे पुन्हा जाणं म्हणजे परत जाणं. आईबाबा पुण्याला परत जातील. तुमचा जन्म इथला असेल, तर तुम्ही पुण्याला जाल. तुम्ही परत याल ते एनस्खेडेला. एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलावर, ‘परत’ या शब्दाची दिशा दोन्हीकडे असते.

मराठीत मुलाला ‘म्हातारपणाची काठी’ म्हणतात. काठी एका देशात आणि हात दुसऱ्या देशात असला, तर काय करायचं? याचं उत्तर कोणत्याही व्हिसाच्या अर्जात नाही. ते घरी बोलूनच ठरतं. मोठी माणसं हा विषय सहसा मुलांसमोर काढत नाहीत; त्यांना वाटतं, मुलांना ओझं होईल. म्हणून कधीकधी तुम्हीच विचारा. तेही मराठीत, कारण ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक डचमध्ये एका शब्दात सांगता येत नाही.

शब्दार्थ

उतारवय – म्हातारपणाकडे जाणारं वय
उत्पन्न – मिळणारे पैसे
करार – दोघांनी लिहून मान्य केलेली गोष्ट
हद्द – सीमा
आमराई – आंब्याच्या झाडांची बाग
धरणे (इथे) – मनात खरं मानणे

प्रश्न

१. पुण्याला ‘पेन्शनरांचं शहर’ का म्हणत?
२. थायलंडमध्ये निवृत्त माणसाला काय करता येत नाही? दोन गोष्टी लिहा.
३. आई २९व्या वर्षी नेदरलँड्सला आली आणि ६७ पर्यंत इथे राहिली. तिला किती टक्के आ-ओ-वे मिळेल?
४. ‘आपण’ की ‘आम्ही’? रिकामी जागा भरा.
 (क) आजी, ____ उद्या तुझ्याकडे येतोय.
 (ख) चल, ____ दोघं बाजारात जाऊ.

घरी विचारा

आईला किंवा बाबांना विचारा : ‘रिटायर झाल्यावर तुम्हाला कुठे राहायला आवडेल? का?’ त्यांचं उत्तर पाच वाक्यांत लिहा. त्यांनी ‘आपण’ म्हटलं की ‘आम्ही’, त्या शब्दाखाली रेघ मारा.